हाताने घडवलेल्या टिन व्हिसल: संग्रहातल्या काही विकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडच्या व्हिसल 'हाताने घडवलेल्या' म्हणून विकता येतील का?

टिन व्हिसल म्हणजे सरळ धरून फुंकायची, सहा भोकांची छोटी बासरी. आयरिश लोकसंगीतात ती वाजते. विकण्याआधी तीन गट वेगळे करा. पहिला गट कारखान्यातला: पितळी किंवा निकेलचा मुलामा दिलेली नळी आणि त्यावर साच्यातून काढलेला प्लॅस्टिकचा माउथपीस. दुसरा गट सुधारलेल्यांचा. यात वाद्य कारखान्यातलंच असतं, पण एखाद्या जाणकाराने माउथपीसमधली पोकळी भरून, हवा जिच्यावर आपटते ती धार घासून त्याचा आवाज नीट केलेला असतो. तिसऱ्या गटात नळीपासून हवेच्या वाटेपर्यंत सगळं एका माणसाने किंवा छोट्या कार्यशाळेने केलेलं असतं. 'हाताने घडवलेली' हे शब्द फक्त या तिसऱ्या गटासाठी ठेवा. दुसरा गट विकायला हरकत नाही, त्याला गिऱ्हाईकही आहे. पण मूळ वाद्य कोणतं आणि दुरुस्ती कोणाची हे दोन्ही लिहावं लागतं.

गंमत अशी की या वाद्याला 'टिन' हे नाव मिळालं ते स्वस्त, घाऊक मालामुळे. १८४३ साली इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या कोनी वेस्टन गावच्या रॉबर्ट क्लार्कने कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याची निमुळती नळी वळून, तोंडाशी लाकडी ठोकळा बसवून व्हिसल करायला सुरुवात केली आणि पुढे मँचेस्टरला जाऊन धंदा वाढवला. तो नमुना आजही बनतो. तो सुरेख असतो, पण तो हस्तकला म्हणून विकू नका.

कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या काढायच्या?

एकाच पट्टीच्या दोन-तीन असतील तर तिथून सुरुवात करा. बहुतेक संग्रहांत डी पट्टीच्या व्हिसलची गर्दी असते, कारण आयरिश पारंपरिक धुनांचा मोठा भाग डी आणि जी या स्वरांवर वाजतो. त्यांतली एक मोठ्या आवाजाची, मैफलीत ऐकू जाणारी, आणि एक घरात वाजवायची हलकी, अशा दोन ठेवल्या की बाकीच्या मोकळ्या. खपाच्या दृष्टीनेही डी सगळ्यात पुढे. त्यानंतर लो डी (एक सप्तक खालची, लांब व्हिसल), मग सी, ई फ्लॅट, लो एफ असा साधारण क्रम लागतो. बी किंवा एफ शार्पसारख्या आडवळणाच्या पट्ट्या महिनोन्‌महिने पडून राहतात. त्या काढायच्या असतील तर किंमत सुरुवातीलाच कमी ठेवा.

मात्र ठरवण्याआधी प्रत्येक व्हिसल सलग आठवडाभर वाजवा. पेटीत वर्षभर पडलेली व्हिसल दोन मिनिटं फुंकून 'ही नको' म्हणणं धोक्याचं आहे. प्रत्येक व्हिसलला लागणारा श्वासाचा जोर वेगळा असतो आणि तो अंगवळणी पडेपर्यंत चांगली व्हिसलही वाईट वाटते.

पट्टी कशी लिहायची? बासरी वाजवणारे नेहमी गोंधळतात.

गोंधळ खरा आहे आणि त्यावरून विकलेला माल परत येतो. व्हिसलचं नाव सहाही भोकं बंद केल्यावर निघणाऱ्या स्वरावरून पडतं. आपल्या बासरीचं नाव पडतं ते वरची तीन भोकं बंद केल्यावर लागणाऱ्या षड्जावरून. सहाही बंद केली की मंद्र पंचम लागतो. म्हणून डी व्हिसल बासरीच्या हिशेबाने जीची होते, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. सगळी भोकं मोकळी सोडली की व्हिसलवर सी शार्प मिळतो, आणि जीला सा धरलं तर तो तीव्र मध्यम. बासरीवरही मोकळ्या भोकांना तीव्र मध्यमच लागतो, त्यामुळे बोटांची ठेवण ओळखीची वाटते. फरक एवढाच की व्हिसल सरळ धरायची आणि ओठांनी मींड किंवा सूर खालीवर करण्याची सोय नाही.

भारतातल्या गिऱ्हाइकासाठी जाहिरातीत दोन्ही लिहा: 'डी व्हिसल, सहा भोकं बंद = पांढरी दोन, तीन बंद = पांढरी पाच'. शिवाय हाय की लो हे न विसरता लिहा. हाय डीचा सगळ्यात खालचा स्वर ५८७ हर्ट्झच्या आसपास असतो आणि लांबी साधारण ३० सेंटिमीटर. लो डी बरोबर एक सप्तक खाली, २९४ हर्ट्झ, आणि लांबी ६० सेंटिमीटरच्या जवळपास. लहान हाताच्या माणसाला लो डीची भोकं झाकणं अवघड जातं. त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या, तसंच चौथ्या आणि सहाव्या भोकाच्या मध्यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये दिलंत तर अर्धे प्रश्न आधीच मिटतात.

विकण्याआधी तपासणी कशी करायची?

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. व्हिसलचा जीव तोंडाकडच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये असतो: हवेची वाट, तिच्यापुढची खिडकी, आणि हवा जिच्यावर आपटून दुभंगते ती धार. नळीला पोचा पडला तरी बहुतेकदा भागतं, धारेला खाच पडली तर वाद्यच बदलतं.

आधी डोळ्यांनी बघा. तोंडाकडून हवेच्या वाटेत डोळा लावून समोर खिडकीचा उजेड धरा. वाटेची उंची डावीकडून उजवीकडे सारखी दिसली पाहिजे आणि धार त्या फटीत समांतर उभी दिसली पाहिजे. ती तिरकी दिसत असेल तर माउथपीस दाबला गेला आहे. धारेवर नख अलगद फिरवा. अडकलं तर खाच आहे. सुई, टाचणी किंवा सेफ्टी पिन हवेच्या वाटेत घालू नका, चांगल्या व्हिसलची बरीचशी नासाडी याच कौतुकाने होते. कचरा काढायला जाड कागदाची पट्टी किंवा पिसाचं टोक पुरतं.

मग वाजवून बघा. ट्यूनर ए = ४४० हर्ट्झवर ठेवा आणि व्हिसल दोन-तीन मिनिटं फुंकून गरम करा. हवेचं तापमान १ अंशाने वाढलं की सूर सुमारे ३ सेंटने चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). २० अंशांवर लावलेलं वाद्य मे महिन्यात पुण्यात ३५ अंशांच्या खोलीत ४० सेंटच्या वर चढलेलं दिसेल आणि तुम्ही उगाच बनवणाऱ्याला दोष द्याल. म्हणून नोंदीत खोलीचं तापमान लिहा.

सहाही भोकं झाकून खालचा स्वर हळू फुंका आणि जोर वाढवत न्या. निरोगी व्हिसल काही काळ त्या स्वरावर टिकते आणि मग स्वच्छ उडी मारून वरच्या सप्तकात जाते. लगेच उडत असेल तर आधी बोटांच्या झाकणीची खात्री करा. ती ठीक असेल तर माउथपीस आणि नळीच्या सांध्यावर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे बाहेरून घट्ट गुंडाळून पुन्हा फुंका. फरक पडला तर सांधा हवा सोडतो आहे, आणि तो दोष किरकोळ आहे. फरक नाही पडला तर बहुधा धार किंवा ठोकळा हललेला आहे.

त्यानंतर डी-डी, जी-जी, ए-ए अशा सप्तकाच्या जोड्या तपासा. वरचा स्वर १० सेंटपर्यंत इकडेतिकडे असणं खपतं, २० च्या पुढे गेलं तर जाहिरातीत लिहा. सी नॅचरल आडव्या बोटांनी काढा: वरचं पहिलं भोक उघडं, दुसरं-तिसरं बंद, खालची तीन उघडी. काही बनवणारे हा स्वर नीट लागावा म्हणून भोकांचा आकार बदलतात, काही अर्ध्या भोकावर सोडून देतात. तुमच्या व्हिसलवर कसा लागतो ते सांगा.

शेवटी दहा मिनिटं न थांबता वाजवा. पाच मिनिटांतच आवाज घोगरा होऊन बंद पडत असेल तर हवेच्या वाटेत ओल साठते आहे. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ते पाणी वाटेतून जाऊ द्या आणि न पुसता वाळवा. थेंब साचण्याऐवजी पातळ थर होऊन निघून जातो. धातू आणि प्लॅस्टिकला हे चालतं, लाकडी ठोकळ्याला नाही.

विकण्याआधी पितळ चकचकीत करू का?

करू नका. निदान पीतांबरी, चिंच, लिंबू यांच्या वाटेला जाऊ नका. देवाची भांडी आणि वाद्य यांत फरक असा की वाद्याला एक धार आहे आणि पावडरीचा खर धारेला बोथट करतो. आंबट पदार्थ पितळातलं जस्त ओढून घेतात आणि पृष्ठभागावर गुलाबी, तांबूस डाग उरतात. ते पुढे घासूनही सहजी जात नाहीत. लॅकर (पारदर्शक लेप) लावलेली व्हिसल असेल तर लॅकर पोपड्यांसारखं निघतं, आणि अशी अर्धी चमकणारी नळी काळवंडलेल्या नळीपेक्षा वाईट दिसते.

काळवंडलेलं पितळ संग्राहकाला खुपत नाही. कोमट पाणी, साबण, मऊ फडकं, बास. कळकून हिरवा थर आला असेल तर तो मात्र काढा, आणि नळीच्या आतून आधी काढा, कारण तो श्वासावाटे आणि ओठांवाटे पोटात जातो. जर्मन सिल्व्हर फारसं कळकत नाही. ॲल्युमिनियमवर पांढरट पूड दिसली तर ओल्या फडक्याने पुसून कोरडी ठेवा. पत्र्याच्या व्हिसलला शिवणीच्या कडेने गंज लागतो, आणि तो आतून असेल तर फोटोत दिसत नाही.

तोंडाकडचा भाग निर्जंतुक कसा करायचा?

डेल्रिन (एक कडक प्लॅस्टिक) किंवा धातू असेल तर साबण-पाणी आणि मग ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. लाकूड, लॅकर आणि ॲक्रिलिकला अल्कोहोल लावू नका. लॅकर ढगाळ होतं, ॲक्रिलिकला केसासारख्या भेगा जातात. उकळतं पाणी कशालाच नको.

फार जुनी व्हिसल आहे, आत करड्या रंगाचा मऊ ठोकळा दिसतो. विकता येईल?

तो ठोकळा शिशाचा असू शकतो. पूर्वी तोंडातल्या ठोकळ्यासाठी शिसं वापरत असत. नखाने ओरखडा उठला आणि ओरखडा चमकदार दिसला तर शिसंच समजा. अशी व्हिसल 'शोभेसाठी, वाजवण्यासाठी नाही' असं ठळक लिहूनच विका आणि लहान मुलाच्या हाती देऊ नका. वाद्य १०० वर्षांहून जुनं असेल आणि भारतातून बाहेर पाठवायचं असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ते मोडतं का, हे पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारा.

लाकडी व्हिसलचं काय? परवाना लागतो असं ऐकलं.

महागड्या लाकडी व्हिसल बऱ्याचदा आफ्रिकन ब्लॅकवुडच्या असतात. शास्त्रीय नाव डालबर्जिया मेलानोझायलॉन, म्हणजे आपल्या शिसवीच्याच वंशातलं झाड. २ जानेवारी २०१७ पासून हा सगळा डालबर्जिया वंश साइट्स कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या परदेशी व्यापारावर बंधन घालणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवाना लागणाऱ्यांच्या यादीत, आला आणि वाद्यविक्रेत्यांची झोप उडाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे भाग त्यातून वगळले गेले. अपवाद ब्राझिलियन रोझवुडचा: ते पहिल्या परिशिष्टात आहे आणि त्याला ही सूट नाही. तुमची व्हिसल 'रोझवुड'ची असेल तर नेमकं कोणतं, हे बनवणाऱ्याच्या पावतीवरून किंवा त्यालाच विचारून नक्की करा. बिलावर लाकडाचं शास्त्रीय नाव लिहिलं की कस्टममध्ये अडकण्याची शक्यता घटते.

लाकडाच्या व्हिसलमध्ये खरी भीती भेगांची. कोकणातल्या पावसाळ्यातून निघून अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या कोरड्या, हीटर लावलेल्या घरात गेलेली नळी तडकते. पाठवताना प्लॅस्टिक पिशवीत घालून, आतली हवा काढून बंद करा आणि घेणाऱ्याला पहिले दोन आठवडे रोज पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये असं सांगा.

किंमत कशी ठरवायची?

तीन गोष्टी पाहा: बनवणारा आज काम करतो का, त्याच्याकडे रांग किती, आणि हवेची वाट शाबूत आहे का. बनवणारा महिन्याभरात नवी देत असेल तर नव्याच्या ७० ते ७५ टक्क्यांवरून सुरुवात करा. रांग वर्षभराची असेल तर नव्याच्या जवळपास मागता येतं, कारण घेणारा वेळेचे पैसे देतो. बाहेरून पोचा किंवा ओरखडे असतील तर ५ ते १० टक्के उतरवा. धार खराब असेल तर सरळ निम्म्यावर या आणि तसं लिहा. हा आमचा ढोबळ अंदाज आहे, बाजाराचा नियम नाही.

बनवणारा हयात नाही म्हणून किंमत आपोआप चढते हा समज सोडा. चढते ती ज्याच्या वाद्यांना वाजवणाऱ्यांची मागणी होती त्याचीच.

माझ्या लो व्हिसलवर 'ओव्हर्टन' लिहिलंय. ती मौल्यवान आहे ना?

असू शकते, पण नावावर थांबू नका. १९७१ च्या सुमाराला फिनबार फ्युरी या आयरिश वादकाची लाडकी भारतीय बांबूची व्हिसल दौऱ्यात मोडली. इंग्लंडमधल्या बर्नार्ड ओव्हर्टनला ती दुरुस्त करता आली नाही, म्हणून त्याने ॲल्युमिनियमच्या नळीची एक करून दिली. आजच्या लो व्हिसलची सुरुवात तिथून झाली, म्हणजे या वाद्याच्या मुळाशी आपल्याकडचा एक बांबू आहे. ओव्हर्टन २००८ मध्ये वारले. जर्मनीत कॉलिन गोल्डी यांनी त्याच घडणीच्या व्हिसल बरीच वर्षं ओव्हर्टन याच नावाने बनवल्या. त्यामुळे कोणत्या हाताची, हे नाव वाचून कळत नाही. नळीवरची सही, खूण, क्रमांक असेल तो फोटोत मोठा करून दाखवा, पावती असेल तर तीही. खात्री नसेल तर 'ओव्हर्टन घडणीची' इतकंच लिहा.

एकाच तोंडाला डी आणि सी अशा दोन नळ्या आहेत. वेगळ्या विकू?

नाही. दुसऱ्या नळीला तोंड नसलं तर ती भंगार आहे. बनवणाऱ्याकडून नवं तोंड मिळवणं त्रासाचं असतं आणि तेही त्या नळीला जुळवून द्यावं लागतं. मूळ पेटी, पिशवी, बोटांचा तक्ता जे असेल ते संचाबरोबर जाऊ द्या.

फोटो आणि आवाज कसा द्यायचा?

फोटो पाच: पूर्ण लांबी शेजारी पट्टी ठेवून, खिडकी समोरून, हवेची वाट टोकाकडून मागे उजेड ठेवून, बनवणाऱ्याची खूण, आणि असेल तो दोष जवळून. फ्लॅश बंद, पितळावर त्याचा पांढरा ठिपका उठतो आणि पोचा नेमका त्याखाली लपतो. गिऱ्हाईक त्याचा वेगळा अर्थ काढतं.

ध्वनिमुद्रणात कसब दाखवू नका. फोन हातभर लांब ठेवून खालपासून वरपर्यंत दोन सप्तकं, प्रत्येक स्वर दोन सेकंद, मग वरचे ए आणि बी, मग सी नॅचरल. प्रतिध्वनी घालू नका. सुरेख वाजवलेली धून वादकाबद्दल सांगते, व्हिसलबद्दल थोडंच.

पॅकिंग?

नळाच्या पीव्हीसी पाइपला तोड नाही. हाय डीसाठी ३२ मिलिमीटरचा, लो डीसाठी ५० चा. व्हिसलच्या लांबीपेक्षा ५ सेंटिमीटर जास्त कापा, आतली कड घासून घ्या, नाहीतर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे खिडकीत अडकतात. ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायला सरकणारा सांधा) असेल तर तोंड आणि नळी वेगळी करून दोन्ही स्वतंत्र गुंडाळा. खिडकीवर कागदाची घडी, वर बबलचं वेष्टन, दोन्ही टोकांना कापूस आणि बूच. बूच फक्त टेपने बंद करा. सोल्व्हंट सिमेंटने चिकटवलेलं एक पार्सल घेणाऱ्याने करवतीने उघडलं आणि व्हिसलही कापली, असं होतं. पाइप सरळ कुरियरला देऊ नका. गोल वस्तू सॉर्टिंगच्या पट्ट्यावरून घरंगळते. ती चौकोनी खोक्यात घाला.

परदेशी पाठवताना कागदावर काय लिहू?

नुसतं 'व्हिसल' लिहू नका, कस्टमचा माणूस पंचाची शिटी समजतो. 'वापरलेलं संगीतवाद्य, सुषिर, पितळी' असं त्या देशाच्या भाषेत किंवा इंग्रजीत लिहा आणि सोबत एचएस कोड (कस्टमचा माल ओळखायचा क्रमांक) ९२०५९० द्या. किंमत खरी लिहा. 'भेट' लिहून घेणाऱ्याचा कर वाचवायचा मोह होतो, पण पार्सल हरवलं तर विमाही त्या खोट्या आकड्याचाच मिळतो. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून पहिल्या युरोपासून व्हॅट लागतो. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद आहे. हा खर्च घेणाऱ्याचा, हे सौदा ठरतानाच लिहून घ्या.

पैसे कसे घ्यायचे?

भारतात यूपीआय सोपं, पण एक ध्यानात ठेवा: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील' म्हणणारा गिऱ्हाईक नाही. न बघता पूर्ण रक्कम द्यायला तयार, पत्ता तिसऱ्याचाच, आणि 'लष्करात आहे, माणूस पाठवतो' अशी गोष्ट सांगणाराही नाही. पेपालने देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, परदेशातून येणारे पैसे चालतात. समोरच्याने 'मित्र आणि कुटुंब' या मार्गाने पाठवले तर त्याला संरक्षण मिळत नाही. तुम्ही स्वतः तसं मागू नका.

परत घ्यायची तयारी ठेवावी का?

ठेवा. आलेल्या दिवसापासून तीन दिवस, परतीचा खर्च घेणाऱ्याचा, आणि सांगितलेला नसलेला दोष निघाला तर तुमचा. पाठवण्याच्या दिवशीचा धारेचा फोटो तारखेसह जपून ठेवा.

ट्यूनिंग स्लाइड अडकली आहे, तशीच विकू?

आधी सोडवून बघा. सांध्यावर एक थेंब हलकं मशीन तेल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही हातांना रबरी हातमोजे घालून, सरळ न ओढता पीळ देत काढा. पक्कड लावली की नळी अंडाकृती होते आणि मग काहीच सरकत नाही. निघाली तर तेल पूर्ण पुसून कॉर्क ग्रीस लावा. रबरी ओ-रिंग असेल तर हा तेलाचा उपाय नको, व्हॅसलीनही नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. तिथे सिलिकॉन ग्रीस वापरा. नाहीच निघाली तर 'स्लाइड अडकलेली, सध्या इतके सेंट उतरलेली' असं लिहून विका. ज्यांना एकट्याने वाजवायचं आहे ते घेतात.